‘लाल किल्ल्या’चा इशारा : लेफ्टनंट जनरल थोरात यांची लष्करी कारकीर्द

२० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे चिनी फौजांनी नमका चू नदीच्या काठावर भारताच्या सातव्या ब्रिगेडवर हल्ला चढविला आणि काही तासांतच तिची वाताहत केली. हा हल्ला अनपेक्षित होता, असे त्यानंतर वर्षानुवर्षे सांगितले गेले. वस्तुस्थिती तशी नव्हती. ईशान्य सीमेवर चीन मोठ्या संख्येने चालून येऊ शकतो, मॅकमहोन रेषेला चिकटून बसलेल्या चौक्या त्याला रोखू शकणार नाहीत आणि लढायचेच असेल तर मागे, आपल्या सोयीच्या भूमीवर लढले पाहिजे, असे सांगणारा अहवाल दिल्लीच्या दप्तरात तीन वर्षे पडून होता. तो लिहिणारे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात दीड वर्षापूर्वीच सेवानिवृत्त झाले होते.

थोरात यांचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. परंतु त्यांची आठवण बहुधा ‘लष्करप्रमुखपद हुकलेले मराठी सेनापती’ एवढ्यापुरतीच निघते. ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. पद हुकण्याच्या प्रकरणाला दोन बाजू आहेत आणि त्यांतील एक सरकारच्या बाजूची आहे. अहवालाच्या प्रकरणाला मात्र दुसरी बाजू शोधणे अवघड जाते.

वडगाव ते सँडहर्स्ट

शंकररावांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्यांच्याआधी लष्करप्रमुखपदी पोहोचलेले जनरल श्रीनागेश यांचाही जन्म कोल्हापूरचाच, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात भारतीय तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या होत्या. संपूर्ण हिंदुस्थानातून दहा. त्यांतही संस्थानिकांची, सरदारांची आणि सरकारनिष्ठ घराण्यांची मुले पुढे असत. अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच परतणाऱ्यांची संख्याही लहान नव्हती. थोरात १९२६ मध्ये तेथून अधिकारी होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी कमिशन मिळालेल्या दोघांची नावे पुढे त्यांच्या आयुष्याशी बांधली गेली. एक कोडगूचे कोदंडेरा सुबय्या थिमय्या आणि दुसरे प्राणनाथ थापर.

प्रथेप्रमाणे एक वर्ष गोऱ्या पलटणीत उमेदवारी करून ते चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत दाखल झाले. ‘भारतीयीकरणा’साठी निवडलेल्या आठ पलटणींपैकी ही एक होती. या योजनेचा हेतू वरवर उदार दिसे, पण भारतीय अधिकाऱ्यांना याच आठ पलटणींत कोंडून ठेवायचे, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यावर त्यांच्या हाताखाली काम करण्याची वेळ येणार नाही, हे तिचे खरे मर्म होते. या एकाच पलटणीतून निघालेल्या माणसांची यादी पाहिली तर उपखंडाचा इतिहासच समोर येतो. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे कॅप्टन मोहनसिंग येथलेच. लाल किल्ल्यातील खटल्यातील शहानवाज खान आणि गुरुबक्षसिंग धिल्लन येथलेच. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुब खान यांनीही येथेच उमेदवारी केली. एका मेजावर जेवणाऱ्या या अधिकाऱ्यांनी पुढे तीन वेगवेगळ्या निष्ठा पत्करल्या. फाळणीत ही पलटण पाकिस्तानकडे गेली.

कांगॉची टेकडी

दुसऱ्या महायुद्धात थोरात यांची खरी कसोटी ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लागली. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जपानी फौजांचा रस्ता कांगॉ या गावापाशी तोडायचा, असा बेत होता. खारफुटीच्या दलदलीतून वाट काढत होड्यांनी सैन्य उतरवायचे आणि रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या टेकड्या घ्यायच्या. प्रथम ब्रिटिश कमांडो उतरले आणि त्यांच्यामागोमाग २५ व्या भारतीय डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड.

या ब्रिगेडचे वैशिष्ट्य असे, की तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीवर थिमय्या, बलुच पलटणीवर लायोनेल प्रतीप सेन आणि दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीवर लेफ्टनंट कर्नल थोरात. भारतीय अधिकारी कंपनी चालवील, पण हजारभर माणसांची पलटण घेऊन लढाईत उतरू शकेल का, अशी शंका गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उघड बोलली जाई. त्या शंकेची परीक्षाच जणू या ब्रिगेडमध्ये मांडली होती.

‘मेलरोज’ असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी घेण्याचे काम थोरात यांच्या पलटणीकडे आले. चढ उघडा, वर जपानी मोर्चे पक्के खणलेले आणि मागे सरकायला जागा म्हणजे दलदल. हल्ला यशस्वी झाला, पण पलटणीला त्याची किंमत भारी पडली. मुसलमान, शीख, डोगरा अशा मिश्र कंपन्यांची ती पलटण होती. टेकडी जिंकून झाली त्यानंतर अडीच वर्षांत देशाच्या आणि लष्कराच्या वाटण्या झाल्या. ही पलटण भारताकडे राहिली आणि १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची पहिली पलटण झाली.

कांगॉच्या लढाईनंतर थोरात, थिमय्या आणि सेन या तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. या तिघांची नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. सतरा वर्षांनी चीनच्या सीमेवर जे घडले त्यात तिघांच्याही भूमिका होत्या आणि त्या एकाच बाजूच्या नव्हत्या.

कोरियातील काटेरी कुंपण

१९५३ मध्ये कोरियाचे युद्ध थांबले, पण युद्धबंद्यांचा प्रश्न सुटला नाही. दक्षिणेकडच्या छावण्यांतील २२ हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते आणि उत्तरेकडील छावण्यांतील सुमारे साडेतीनशे जण, त्यांत तेवीस अमेरिकन, दक्षिणेकडे जायला राजी नव्हते. या कैद्यांना तटस्थ देशाच्या ताब्यात ठेवावे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांची समजूत घालावी आणि मग ज्याने त्याने निर्णय घ्यावा, असे ठरले. पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे थिमय्यांकडे आले. प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय रक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते.

काम नाजूक होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे जहाजाने आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरमधून निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. तेथे ‘हिंद नगर’ नावाची छावणी उभी राहिली. कैद्यांच्या आवारांत त्यांच्याच टोळीप्रमुखांचे राज्य होते. मायदेशी जाण्याची इच्छा बोलून दाखविणाऱ्याचा जीव आवारात सुरक्षित नसे. दोन्ही बाजूंची सरकारे भारताकडे संशयाने पाहत होती आणि रक्षकांनी गोळी झाडली तरी निंदा, न झाडली तरी निंदा, अशी अवस्था होती.

२५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आवारात ओढून नेले आणि ओलीस ठेवले. बाहेर जवान बंदुका रोखून उभे होते. कुंपण तोडून आत घुसणे शक्य होते, पण त्यात ग्रेवाल यांचा जीव गेला असता आणि शेकडो कैदी मेले असते. थोरात मोजके अधिकारी बरोबर घेऊन, हाती शस्त्र न घेता आवारात शिरले. ओरडणाऱ्या, दगड-काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना वेढले. त्यांनी आवाज चढविला नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चहा-सिगारेट विचारण्याची रीत तुमच्याकडे नाही काय, अशा आशयाचा विषय त्यांनी काढला आणि संतापलेल्या जमावाला क्षणभर यजमान करून टाकले. वातावरण निवळले, बोलणी झाली आणि ग्रेवाल सुटले. या प्रसंगातील धैर्याबद्दल थोरात यांना अशोकचक्र वर्ग दोन प्रदान करण्यात आले. आज हाच सन्मान कीर्तिचक्र म्हणून ओळखला जातो.

पुढील काळात दंगे झाले, गोळीबाराचेही प्रसंग आले. तरीही जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली तेव्हा कैद्यांचा ताबा व्यवस्थित सोडण्यात आला. कोणत्याच बाजूला जायचे नाही, असे म्हणणारे ८८ कैदी भारतीय दलाबरोबर जहाजाने भारतात आले. कोरियात थोरात यांना चिनी सैनिक जवळून पाहता आला, ही या मोहिमेची एक आनुषंगिक प्राप्ती म्हणावी लागेल. दिल्लीत त्या वेळी चीनविषयी बोलणाऱ्यांपैकी किती जणांना असा अनुभव होता, हा प्रश्नच आहे.

लखनौच्या मुख्यालयात

मे १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले. त्यांच्या नियुक्तीसाठी संतसिंग आणि कलवंतसिंग या दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना बाजूला ठेवण्यात आले होते. योग्यता श्रेष्ठ, ज्येष्ठता दुय्यम, असे सरकारने त्या वेळी मानले. चार वर्षांनी हे तत्त्व कसे विसरले गेले, ते पुढे येईलच. त्याच सुमारास थोरात ईस्टर्न कमांडचे, म्हणजे लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख झाले.

या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. नकाशावर पाहिले तर यातील विसंगती लगेच ध्यानात येते. तिबेटच्या सीमेलगतचा नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, तेथून हजार किलोमीटरहून अधिक दूर. बंगालच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामात उतरायचे, तेजपूरला पोहोचायचे आणि मग खरा प्रवास सुरू व्हायचा. विभागाचे बहुतेक बळ पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर आणि नागा टेकड्यांतील बंडाळीत गुंतलेले. तिबेटची सीमा तर लष्कराकडे नव्हतीच. तेथे आसाम रायफल्सच्या तुरळक चौक्या होत्या आणि त्यांचा कारभार परराष्ट्र खाते पाहत असे. शेजारी मित्र आहे, तेव्हा सीमेचा प्रश्न मुत्सद्द्यांचा, सैनिकांचा नव्हे, ही त्यामागची धारणा होती.

१९५९ मध्ये ती धारणा ढासळू लागली. मार्चच्या अखेरीस दलाई लामा तिबेटमधून निसटून भारताच्या हद्दीत आले. तवांग, बोमडिला करीत ते तेजपूरला उतरले. साडेतीन वर्षांनी चिनी सैन्य याच वाटेने खाली येणार होते. ऑगस्टमध्ये लोंगजू येथे आसाम रायफल्सच्या चौकीवर चिन्यांनी गोळीबार केला आणि ती चौकी सोडावी लागली. मग घाईघाईने नेफाची सीमा लष्कराकडे सोपविण्यात आली. जबाबदारी आली, पण तिच्याबरोबर रस्ते, फौजा, डोंगरी तोफा किंवा उबदार कपडे आले नाहीत.

अहवाल आणि युद्धसराव

थोरात यांनी हाती असलेल्या साधनांचा आणि समोरच्या संकटाचा हिशेब मांडला. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाविषयी सविस्तर टिपण लष्करी मुख्यालयाला पाठविले. त्याचे सार असे होते. मॅकमहोन रेषा ही कागदावरची सीमा आहे, लढण्याची जागा नव्हे. तिच्यावर ठेवलेल्या चौक्यांनी पहारा करावा, शत्रूची चाहूल द्यावी आणि जोर वाढताच झुंजत मागे यावे. शत्रूला आत येऊ द्यावे. तो जितका पुढे येईल तितकी त्याची रसद लांबेल आणि आपली जवळ येईल. मग डोंगरउतारावर, बोमडिलासारख्या ठिकाणी, जेथे आपल्याला माणसे आणि दारूगोळा पोहोचविता येतो, तेथे ठाण मांडून त्याला गाठावे. यासाठी किती फौज लागेल आणि आज किती आहे, याचा तपशीलही त्यात होता. दोहोंतील अंतर मोठे होते.

हे शहाणपण काही नवे नव्हते. घाट चढून येणाऱ्या शत्रूला अडचणीच्या जागी आणून मारावे, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही प्रतापगडाच्या इतिहासातून ठाऊक असते. पण त्यासाठी काही भूमी काही काळ शत्रूला द्यावी लागते, हे कबूल करणे सोपे नसते. तवांगसारखे ठाणे, त्याचा प्रख्यात मठ, हे सारे पहिल्याच झटक्यात सोडावे लागेल, असा या योजनेचा अर्थ होता. संसदेत इंच इंच भूमीच्या गर्जना होत असताना कोणते सरकार हे उघडपणे मान्य करणार? थोरात यांच्या योजनेवरील सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे, आणि तो राजकीय आहे, लष्करी नव्हे.

लष्करप्रमुख थिमय्यांना टिपण पटले. त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. वेळ मात्र अत्यंत प्रतिकूल होती. ऑगस्टअखेरीस थिमय्यांनी मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला होता आणि पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला होता. त्यानंतर नेहरूंनी संसदेत त्यांनाच बोल लावले. अशा अवघडलेल्या स्थितीत या सेनापतीच्या शब्दाला मंत्र्याच्या दालनात काय वजन असणार? मेनन यांच्या दृष्टीने खरा शत्रू पाकिस्तान होता. चीनशी युद्ध होणार नाही आणि तसा प्रसंग आलाच तर आपण मुत्सद्देगिरीने तो निभावू, अशी त्यांची भूमिका होती. थोरात यांच्या आत्मचरित्रात हा वृत्तांत आहे आणि त्यातील कडवटपणा लपलेला नाही.

टिपण बाजूला पडले, तरी थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला एक युद्धसराव योजला. त्याला नाव दिले ‘लाल किल्ला’. हा मैदानावर फौजा हलविण्याचा सराव नव्हता, तर नकाशे आणि आकडेवारी यांच्या आधारे अधिकाऱ्यांनी करावयाचा विचार होता. लष्करी मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी त्यासाठी आले होते. चीनने पूर्व सीमेवर हल्ला केला तर तो कोणत्या वाटांनी येईल, किती दिवसांत कोठे पोहोचेल, आपण कोठे तोकडे पडू, याचा पाया त्यात मांडला गेला. निष्कर्ष आधीच्या टिपणाला दुजोरा देणारे होते आणि तेही दिल्लीला पाठविण्यात आले.

आत्मचरित्र घटनेनंतर लिहिले जाते आणि प्रत्येक सेनापतीला मागाहून शहाणपण सुचलेले असते, हे खरे. पण टिपण आणि सराव हे १९५९-६० चे आहेत आणि सरावाला साक्षीदार अनेक होते. म्हणून थोरात यांचा दावा इतरांच्या दाव्यांहून वेगळा ठरतो. सरकारच्या बाजूनेही काही सांगता येते. तिजोरी आटलेली होती, परकीय चलनाची टंचाई होती आणि पंचवार्षिक योजनांतील धरणे-कारखाने की डोंगरी तोफा, ही निवड खरोखरच कठीण होती. मात्र पैसा नाही म्हणून मागणी नाकारणे वेगळे आणि धोकाच नाही म्हणून ती ऐकूनही न घेणे वेगळे. पहिल्या स्थितीत सरकार निदान सीमेवर आगळीक करायला धजावले नसते. प्रत्यक्षात पैसा दिला नाही, फौज वाढविली नाही आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये चौक्या आणखी पुढे नेण्याचे धोरण मात्र स्वीकारले.

१९६१ ची निवड

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त होणार होते. आपल्यामागे थोरात यांनी यावे, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने प्राणनाथ थापर यांची निवड केली. दोघेही १९२६ चे, पण थापर यांचे कमिशन काही महिने आधीचे असल्याने ज्येष्ठतेच्या काटेकोर हिशेबात ते पुढे होते. त्यामुळे थोरात यांना डावलले, हा शब्दप्रयोग नियमाच्या भाषेत चुकीचा आहे. त्यांच्या चाहत्यांना हे रुचत नाही, पण ते मान्य करायला हवे. मात्र १९५७ मध्ये याच सरकारने दोन ज्येष्ठांना बाजूला ठेवून थिमय्यांना निवडले होते. म्हणजे ज्येष्ठतेचा नियम लोखंडी नव्हता. तो कधी पुढे करायचा आणि कधी विसरायचा, हे माणसे पाहून ठरत होते.

त्याच वर्षी लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. पंतप्रधानांच्या विश्वासातील, उत्साही, पण युद्धात पलटण चालविण्याचा अनुभव नसलेले. स्पष्ट बोलणाऱ्या सॅम माणेकशॉ यांच्यामागे चौकशी लावण्यात आली. अशा वातावरणात आपला अहवाल पुन्हा मांडील असा अधिकारी लष्करात वरच्या जागी उरला नाही, ही थोरात यांच्या निवृत्तीची खरी किंमत होती. पूर्व विभागाचे प्रमुखपद लेफ्टनंट जनरल सेन यांच्याकडे गेले. कांगॉच्या टेकड्यांवर थोरात यांच्या शेजारी लढलेले तेच हे सेन.

नमका चू ते बोमडिला

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९६२ च्या उन्हाळ्यात ढोला येथे चौकी बसविण्यात आली. सप्टेंबरमध्ये चिन्यांनी ती वेढली. त्यांना हुसकून लावण्याचा आदेश निघाला आणि सातवी ब्रिगेड नमका चूच्या खोऱ्यात उतरविण्यात आली. वर थागला कड्यावर चिनी, खाली नदीकाठी सुती कपड्यांतील भारतीय जवान, रसद विमानातून टाकलेली आणि तीही बरीचशी दऱ्यांत जाणारी. सीमारेषेवर, शत्रूच्या सोयीच्या जागी, अपुऱ्या बळानिशी लढू नये, असे ज्या टिपणात म्हटले होते, त्याच्या नेमके उलटे तेथे घडले. ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या हाती लागले. २४ ऑक्टोबरला तवांग सोडण्यात आले.

त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांची उसंत मिळाली. मुख्य ठाणे कोठे मांडावे, यावर तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. बोमडिलापर्यंत मागे येण्याऐवजी सेला खिंडीवर संरक्षणाची भिस्त ठेवण्यात आली. चौदा हजार फुटांच्या आसपासची ती खिंड नकाशावर अभेद्य वाटते. पण चिन्यांनी तिला वळसा घालून मागचा रस्ता तोडला. सेलावरील फौज विस्कटली, १८ नोव्हेंबरच्या सुमारास बोमडिलाही पडले आणि तेजपूर शहर रिकामे होऊ लागले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला.

थोरात यांची योजना अमलात आली असती तर भारत जिंकला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनी मागितलेली फौज मिळाली असती, रस्ते झाले असते, तरच बोमडिलाचे ठाणे टिकण्याची आशा होती. परंतु एक पूर्ण ब्रिगेड नदीकाठी बळी गेली नसती आणि डिव्हिजन तुकड्यातुकड्यांनी संपली नसती, एवढे निश्चित म्हणता येते. १९६२ मध्ये नेफात सर्वांत मोठी हानी झाली ती शत्रूच्या संख्येमुळे जितकी, तितकीच लढाईची जागा चुकल्यामुळे.

नेहरूंची भेट

लढाई सुरू झाल्यानंतर पंतप्रधानांनी थोरात यांना दिल्लीला बोलावून घेतले. या भेटीचा वृत्तांत थोरात यांनी लिहून ठेवला आहे. आक्रमणाविषयी आधीच इशारा दिलेला एक अहवाल आहे, हे नेहरूंना तेव्हा प्रथम कळले होते. हा कागद आपल्याला का दाखविला नाही, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर संरक्षणमंत्रीच देऊ शकतील, असे थोरात यांनी सांगितले. दोन माणसांतील या संभाषणाची दुसरी नोंद नसल्याने ते थोरात यांच्याच शब्दावर स्वीकारावे लागते. तथापि, त्यातून निघणारा प्रश्न शब्दांपुरता नाही. पंतप्रधान स्वतः परराष्ट्रमंत्रीही होते. चीनविषयक धोरण त्यांच्याच हाती होते. पूर्व सीमेचा सेनापती काय म्हणतो, हे त्यांना तीन वर्षे कोणी सांगितले नाही, हे जितके गंभीर, तितकेच त्यांनी ते कोणाला विचारले नाही, हेही गंभीर आहे.

मेनन यांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंत्रिमंडळातून जावे लागले. थापर यांनीही पद सोडले. युद्धविराम जाहीर झाला त्याच सुमारास महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत दाखल झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे मराठी मन अभिमानाने म्हणू लागले. पूर्वीच उपेक्षिलेल्या थिमय्या आणि थोरात या दोघांना नव्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले. पूर्व विभागाचे मुख्यालय लखनौहून कलकत्त्याला हलले, पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहू लागल्या. जे १९५९ मध्ये मागितले होते ते पराभवानंतर मिळू लागले.

निवृत्तीनंतर

थोरात पुन्हा गणवेशात परतले नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम पाहिले. निवडीच्या निकषांवरून स्वतःचे पद हुकलेल्या माणसाकडे राज्यातील अधिकाऱ्यांच्या निवडीचे काम आले, ही बाब लक्षात येण्यासारखी आहे. १९६२ विषयी बोलण्याची संधी असताना त्यांनी लगोलग पुस्तक लिहिले नाही. दळवी आणि कौल यांची पुस्तके साठच्या दशकातच बाजारात आली आणि त्यांवर वादळे उठली. थोरात यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नेहरू, मेनन, थिमय्या, कौल आणि थापर यांपैकी कोणीही हयात नव्हते. मराठीत त्यांच्या आठवणी ‘माझी शिपाईगिरी’ या नावाने वाचकांपुढे आल्या.

१० ऑगस्ट १९९२ रोजी, वयाची ८६ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले. ‘लाल किल्ला’ युद्धसरावाला त्या वेळी बत्तीस वर्षे आणि सातव्या ब्रिगेडच्या नाशाला जवळपास तीस वर्षे झाली होती. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल तेव्हाही सरकारी कपाटात कुलूपबंदच होता.